हार्वेस्टरचे तोंड आणि पोट

गेल्या आश्विनाच्या अखेरीस मराठवाड्यातील एका स्नेह्याच्या शेतावर जाण्याचा योग आला, तेव्हा सोयाबीनची काढणी होऊन पंधरा-वीस दिवस लोटले होते आणि मध्यंतरी परतीच्या पावसाची एक जोराची सर येऊन गेली होती. हरभऱ्यासाठी रान अद्याप मोडलेले नव्हते. आणि त्या मोकळ्या काळ्या रानावर, पट्टेदार सतरंजी अंथरावी त्याप्रमाणे, हिरव्या रोपांचे दाट पट्टे या बांधापासून त्या बांधापर्यंत सरळ रेषेत उमटलेले होते. दर चौदा फुटांवर एक दाट पट्टा, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत विरळ, नजरेत सहसा न भरणारी रोपे, अशी ती रचना होती. ती रोपे कोणी पेरलेली नव्हती. काढणीच्या वेळी हार्वेस्टरने जे दाणे शेतात सांडले, त्यांनाच पावसाने अंकुर फुटले होते, आणि यंत्राने मालकाच्या नकळत केलेला खर्च शेताने अशा रीतीने हिरव्या शाईत लिहून ठेवला होता.

स्नेही त्या दाट पट्ट्यांकडे बोट दाखवून म्हणाले, “बघा, यंत्राचं पोट बिघडलेलं होतं. मागून दाणा टाकत गेलं.” प्रथमदर्शनी मलाही तसेच वाटले. परंतु सहज म्हणून दोरीने एक चौरस मीटर आखून रोपे मोजली, तेव्हा दाट पट्ट्यात ४६ आणि मधल्या विरळ जागेत २० रोपे भरली. आणि हिशेब मांडल्यावर असे दिसून आले की दोष यंत्राच्या पोटाकडे फार थोडा होता, मोठा दोष त्याच्या तोंडाकडे होता. तो हिशेब कसा, हे पुढे यथास्थळी येईल. तूर्त इतकेच सांगावयाचे की हार्वेस्टर विकत घेणाऱ्याने, भाड्याने बोलावणाऱ्याने आणि चालवणाऱ्याने जर एकच गोष्ट नीट समजून घ्यावयाची असेल, तर ती ही की यंत्राच्या पुढील कटर बारची रुंदी आणि यंत्राची मळणीची क्षमता या दोन भिन्न वस्तू आहेत, आणि त्यांचा मेळ कारखान्यात अर्धाच बसलेला असतो. उरलेला अर्धा आपल्या शेतात, आपल्या पिकावर, आपल्यालाच बसवावा लागतो.

रुंदी आणि क्षमता यांचा हिशेब

आपल्याकडे हार्वेस्टरची ओळख फुटांनी करून देण्याची रीत पडली आहे. ‘चौदा फुटी आले आहे’, ‘बारा फुटी मिळाले’, असे गावात बोलले जाते, आणि जितके फूट अधिक तितके यंत्र थोर, असा समज त्या बोलण्यातच दडलेला असतो. वस्तुतः फूट हे केवळ तोंडाचे माप आहे. पात्याने कापलेले पीक रीलच्या योगाने आत ढकलले जाते, ऑगर ते दोन्ही टोकांकडून मध्यभागी गोळा करतो, फीडर ते वर ओढून ड्रमकडे नेतो, ड्रम आणि त्याखालची जाळी मिळून दाणा सोडवतात, वॉकर काडातून उरलेला दाणा झाडून घेतात, आणि अखेरीस चाळण्या व ब्लोअर यांच्या साहाय्याने दाणा भुसापासून निराळा होऊन टाकीत पडतो. या साखळीतील सर्वांत अरुंद कडी जेवढा माल पुढे सरकू देईल, तेवढीच त्या यंत्राची खरी क्षमता. आणि ती क्षमता फुटांत मोजता येत नाही, ती तासाला किती टन माल पोटातून पार पडतो या मापाने मोजावी लागते. येथे माल म्हणजे निव्वळ धान्य नव्हे. धान्यासोबत जे काड, ताटे, टरफले आत जातात ते सर्व त्यात धरावयाचे, किंबहुना यंत्राला दमवतो तो दाणा नसून काडच असतो.

हिशेब अगदी सोपा आहे. कटर बारची प्रत्यक्ष भरणारी रुंदी मीटरमध्ये घ्यावी, तिला यंत्राच्या ताशी किलोमीटरमधील वेगाने गुणावे आणि दहाने भागावे, म्हणजे न थांबता चालल्यास तासाला किती हेक्टर काढले जातील तो आकडा मिळतो. त्याला हेक्टरी एकूण मालाने गुणले की तासाला किती टन माल यंत्राच्या घशात जातो ते कळते. चौदा फुटी कटर बार म्हणजे सुमारे सव्वाचार मीटर. कडेचा थोडा भाग दरवेळी रिकामा जातो म्हणून भरणारी रुंदी ४ मीटर धरू. पंजाबातील गव्हाचे शेत घेतले आणि हेक्टरी ५ टन धान्य व जवळजवळ तितकेच काड आत जाते असे मानले, तर ताशी ३ किलोमीटर वेगाने ते यंत्र तासाला १.२ हेक्टर काढील आणि १२ टन माल गिळील. या प्रतीचे यंत्र मुळात अशाच भरघोस पिकासाठी घडविलेले असते. म्हणून हे बारा टन म्हणजे त्याचे भरलेले पोट समजू.

आता तेच यंत्र ट्रेलरवर आपले तोंड निराळे बांधून, पंजाब-हरियाणातून मजल-दरमजल करीत सोयाबीनच्या हंगामात आपल्याकडे येते. आपले सोयाबीन एकरी आठ क्विंटल, म्हणजे हेक्टरी २ टन उतरले तर शेतकरी समाधानाने मान डोलवितो. पाने आधीच गळून गेलेली असतात, तेव्हा ताटे आणि टरफले धरून आणखी दोन टन माल आत जातो. एकूण हेक्टरी ४ टन. त्याच वेगाने, त्याच रुंदीने चालल्यास तासाला फक्त ४.८ टन माल ड्रमकडे जातो, म्हणजे यंत्राचे पोट निम्म्याहून अधिक रिकामे राहते. ते भरावयाचे तर वेग ताशी साडेसात किलोमीटरपर्यंत न्यावा लागेल. आणि येथेच सर्व अनर्थाचे मूळ आहे. कारण यंत्राचे भाडे एकरावर ठरलेले असते, तासावर नव्हे. पोट रिकामे आहे, इंजिन हलके चालते आहे, पुढे आणखी चार शेते वाट पाहत आहेत, अशा स्थितीत चालकाचा हात वेगाच्या दांड्याकडे गेला, तर त्यात माणसाच्या स्वभावाविरुद्ध असे काहीच नाही. परंतु ज्या वेगाने यंत्राचे पोट भरते, त्या वेगाने सोयाबीन कापले जाणे शक्य नसते. सोयाबीनमध्ये ताशी चार ते पाच किलोमीटरच्या पुढे गेले की पात्याच्या एका फेरीत यंत्र अधिक अंतर पुढे सरकते, ताटे कापली जाण्यापूर्वी पुढे वाकतात, काप उंच जातो, रीलचे फटके वाळलेल्या शेंगांवर बसतात, आणि शेंग फुटून दाणा कटर बारच्या पुढेच मातीत पडतो. तो यंत्रात शिरतच नाही. मग त्याला पोट तरी काय करणार?

रिकाम्या पोटाची दुसरी एक तक्रार असते. ड्रममध्ये मालाची जी जाड गादी असावयास हवी ती नसली, म्हणजे दाणा सरळ लोखंडावर आपटतो आणि त्याची डाळ होते. चाळणीवर माल विरळ पडला, म्हणजे गव्हासाठी लावून ठेवलेला ब्लोअरचा वारा भुसाबरोबर दाणाही उडवून नेतो. म्हणून गव्हातून सोयाबीनमध्ये येताना ड्रमची गती गव्हाच्या निम्म्याच्या आसपास आणणे, जाळीचे अंतर वाढविणे आणि वारा बेताचा करणे ही खबरदारी घेतलीच पाहिजे. ‘कालच्या शेतात असंच चालवलं होतं’ हे उत्तर कधीही मान्य करू नये. कालचे शेत दुसऱ्याचे होते.

तोंडाची किमान आणि कमाल मर्यादा

वरील गणित उलट्या दिशेने मांडले तर मोठी मौज दिसते. १२ टन पचविणाऱ्या यंत्राला ताशी साडेचार किलोमीटर वेगाने हेक्टरी ४ टन मालाच्या सोयाबीनमध्ये भरपोट खाऊ घालावयाचे, तर कटर बार ६.७ मीटर, म्हणजे जवळजवळ बावीस फूट रुंद हवा. जगात अन्यत्र हाच मार्ग स्वीकारला गेला आहे. ब्रिटनमध्ये गहू हेक्टरी आठ टनांच्या आसपास उतरतो. ऑस्ट्रेलियाच्या कोरडवाहू पट्ट्यात तो त्याच्या चौथाईवर समाधान मानतो. म्हणून सारख्याच ताकदीच्या यंत्राला ऑस्ट्रेलियात चाळीस फूट आणि त्याहून रुंद तोंड लावतात, तर ब्रिटनमध्ये त्यापेक्षा पुष्कळ अरुंद तोंडावर काम भागते. पीक विरळ असेल तर तोंड रुंद आणि पीक दाट असेल तर तोंड अरुंद, हा सामान्य नियम. आणि तो शास्त्रशुद्ध आहे.

परंतु शास्त्र जितके खरे तितकेच आपले रानही खरे आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेप्रमाणे महाराष्ट्रात सरासरी वहितीखालील क्षेत्र एका खातेदारामागे १.३४ हेक्टर एवढेच आहे, आणि तेही पुष्कळदा एका तुकड्यात नसते. बावीस फुटी तोंड घेऊन यंत्राने पाणंदीतून यावयाचे कसे, बांध ओलांडावयाचा कसा, आणि चाळीस गुंठ्यांच्या तुकड्यात वळावयाचे कोठे? त्यातून तोंड रुंद झाले की त्याचे वजन वाढते, ते उचलणाऱ्या हायड्रॉलिकवर आणि पुढच्या धुऱ्यावर भार येतो, आणि ऑगरला दोन्ही टोकांचा माल मध्यापर्यंत आणण्यास लांबचा पल्ला पडल्यामुळे फीडरकडे माल सारखा न जाता ढिगाढिगांनी जातो. म्हणून मूळ यंत्राला ज्या रुंदीचे तोंड कारखान्याने दिले आहे त्याहून रुंद तोंड जोडण्याचा मोह कोणीही धरू नये. ‘इंजिनात जोर आहे’ हा त्या मोहाचा नेहमीचा दाखला असतो आणि तो अपुरा आहे.

किमान मर्यादेचे कारण निराळे आहे. १८३६ साली अमेरिकेतील मिशिगनमध्ये हायरम मूर आणि जॉन हॅस्कॉल यांनी कापणी व मळणी एकत्र करणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले, तेव्हापासून पुढे कित्येक वर्षे असली यंत्रे घोडी किंवा ट्रॅक्टर ओढीत असत आणि कापणारे पाते एका बाजूस असे. १९३८ साली मॅसी-हॅरिस कंपनीने स्वतःच्या चाकांवर चालणारे क्रमांक २० चे यंत्र आणले आणि पुढे हाच प्रकार सर्वत्र रूढ झाला. पाते यंत्राच्या समोर आल्यामुळे उभे पीक न तुडवता शेतात कोठूनही काप सुरू करता येऊ लागला. मात्र त्यासाठी कटर बार यंत्राच्या बाहेरील चाकांहून रुंद असलाच पाहिजे. नाहीतर चाके शेजारच्या उभ्या पातीवरून जातील. जे मोठे यंत्र घेऊन त्याला हट्टाने अरुंद तोंड लावू पाहतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावे. तात्पर्य, एका यंत्राच्या तोंडाची रुंदी आपल्या मर्जीप्रमाणे कमीजास्त करण्यास फारशी मोकळीक नसते. मेळ साधावयाचा तो तोंड बदलून नव्हे, तर योग्य आकाराचे यंत्रच निवडून आणि त्याचा वेग पिकाप्रमाणे ठेवून.

ओळी, वरंबे आणि बांध

रुंदीचा मेळ केवळ पोटाशी नसतो, पेरणीशीही असतो. आणि ही गोष्ट जूनमध्ये पेरणी करताना कोणाच्या मनातही येत नाही. सोयाबीनच्या दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर ठेवले असेल तर नऊ ओळी मिळून ४.०५ मीटर होतात. चौदा फुटी कटर बार ४.२७ मीटरचा, म्हणजे नऊ ओळी आत घेऊन साधारण वीतभर जागा शिल्लक उरते, आणि चालकाच्या हातून थोडे इकडेतिकडे झाले तरी ती सांभाळून घेते. बारा फुटी बार ३.६६ मीटरचा; त्यात आठ ओळी म्हणजे ३.६० मीटर बसतात खऱ्या, पण शिल्लक अवघी सहा सेंटिमीटर, तेव्हा चालक पटाईत नसेल तर त्याने सातच ओळी घ्याव्यात हे बरे. दहावी ओळ चौदा फुटी तोंडात कोंबू पाहणारा चालक ती कापत नाही, वाकवतो. वाकलेली ओळ पुढच्या फेरीत खालून निसटते आणि तिचा माल शेतातच राहतो.

रुंद वरंबा सरी पद्धतीने, ज्याला आपण सर्रास बीबीएफ म्हणतो, पेरलेल्या रानात प्रश्न अधिक नाजूक होतो. ती पद्धत पावसाचा ताण आणि पाणी साचणे या दोन्ही आपत्तींत उपकारक ठरली आहे, याविषयी वाद नाही. पण काढणीच्या वेळी यंत्राचे एक चाक सरीत आणि दुसरे वरंब्यावर आले तर काय होते ते पाहू. पुढच्या दोन चाकांत अडीच मीटर अंतर आहे आणि एक चाक दहा सेंटिमीटर खाली उतरले असे मानले, तर सव्वाचार मीटर लांबीच्या ताठ पट्टीच्या एका टोकात आणि दुसऱ्या टोकात तब्बल सतरा सेंटिमीटरांचा फरक पडतो. सोयाबीनची सर्वांत खालची शेंग जमिनीपासून जेमतेम चार बोटे उंचीवर असते. एका टोकाला पाते माती उकरू नये म्हणून चालकाने बार उचलला, की दुसऱ्या टोकाला खालच्या शेंगा धसकटावर तशाच उभ्या राहिल्या म्हणून समजावे. तेवढीच कलंड दोन मीटर रुंदीच्या पट्टीला आली तर टोकांतील फरक निम्म्याहून कमी राहतो. अमेरिकेच्या सोयाबीन पट्ट्यात जमिनीच्या उंचसखलपणाप्रमाणे लवणारे कटर बार याचसाठी वापरतात. आपल्याकडे भाड्याने फिरणाऱ्या यंत्रांचे बार बहुधा ताठ असतात. म्हणून बीबीएफच्या रानात यंत्र सदैव वरंब्यांना समांतर चालवावे, आडवे कधीही चालवू नये, आणि दोन्ही चाके एकाच पातळीवर, म्हणजे दोन्ही सरीत किंवा दोन्ही वरंब्यावर राहतील अशी पात धरावी. ती तशी बसतच नसेल तर ते यंत्र त्या रानाचे नव्हे असे समजून दुसऱ्या यंत्राची तजवीज करावी.

वाणाची निवडही येथे उपयोगी पडते. परभणीच्या कृषी विद्यापीठाचा एमएयूएस-१६२ हा सोयाबीनचा वाण आणि राहुरीच्या विद्यापीठाचा फुले विक्रम हा हरभऱ्याचा वाण यंत्राने काढणीस योग्य म्हणून शिफारस केलेले आहेत, कारण त्यांची ठेवण उभट असून शेंगा किंवा घाटे जमिनीपासून वर लागतात. बुटक्या, पसरट हरभऱ्याच्या रानात जगातील कोणतेही तोंड अर्धे घाटे मागे ठेवूनच येईल. त्याचा दोष चालकावर टाकणे अन्यायाचे होईल.

भाताचा प्रकार याच्या अगदी उलट आहे. भंडारा-गोंदियाच्या किंवा कोकणाच्या खाचरात धान्याबरोबर हिरवे, ओले, लांब काड भरपूर असते आणि जमिनीत ओल मुरलेली असते. तेथे हेक्टरी दहा टन माल सहज आत जातो. दोन मीटर तोंडाचे, रबरी पट्ट्यावर चालणारे लहान यंत्र ताशी तीन किलोमीटर वेगाने तासाला सहा टन माल खाते आणि तेवढ्यानेच त्याचे पोट भरते. ओले काड ड्रमला गुंडाळू लागले, इंजिनाचा आवाज बसला, मागून काडाबरोबर दाणा जाऊ लागला, की ही अजीर्णाची लक्षणे समजून आधी वेग कमी करावा. वेग कमी करूनही भागत नसेल तरच पात अरुंद घ्यावी. अर्धे तोंड रिकामे ठेवून धावण्यापेक्षा भरल्या तोंडाने सावकाश चालणे केव्हाही चांगले, कारण अर्ध्या तोंडाने घेतलेला माल चाळणीच्या एकाच बाजूस पडतो आणि तेथून वाहून जातो.

सांडलेल्या दाण्याचा जमाखर्च

आता आरंभीच्या हिरव्या पट्ट्यांकडे वळू. यंत्राच्या मागून पडणारे काड साधारण सव्वा मीटर रुंदीच्या पट्ट्यात पडते, पण ते जमा झालेले असते सव्वाचार मीटर रुंदीतून. म्हणजे मागच्या पट्ट्यात जे दाणे दिसतात ते सुमारे ३.४ पट दाट झालेले असतात; ते सर्व शेतावर पसरले असे मानून त्यांना ३.४ ने भागल्याशिवाय खरा आकडा हाती येत नाही. कटर बारपाशी सांडलेला दाणा मात्र सगळ्या रुंदीत सारखा पसरलेला असल्याने विरळ भासतो आणि म्हणूनच नजरेस फसवतो. स्नेह्यांच्या शेतात दाट पट्ट्यातील ४६ रोपांतून सर्वत्र असलेली २० वजा केली की २६ उरली; त्यांना ३.४ ने भागता ८ सुद्धा पुरती भरली नाहीत. पोटाचा दोष आठाचा, तोंडापाशी सांडल्याचा दोष विसाच्या घरातला. त्यात काढणीपूर्वी आपोआप गळालेले थोडे दाणे धरले तरी निकाल बदलत नाही.

हाच हिशेब रोपे उगवण्याची वाट न पाहता, काढणीच्या दिवशीच, पहिल्या फेरीनंतर पाच मिनिटांत करता येतो, आणि तो प्रत्येक शेतकऱ्याने करावा असा माझा आग्रह आहे. चार काठ्यांची किंवा दोरीची एक मीटर लांब-रुंद चौकट सोबत न्यावी. यंत्र पन्नास-साठ पावले चालल्यावर थांबवावे आणि पाच-सहा मीटर मागे घ्यावयास सांगावे. पहिली मोजणी उभ्या पिकात करावी. तेथे पडलेले दाणे पिकाच्या स्वतःच्या गळीचे. दुसरी मोजणी कापलेल्या, पण अद्याप मागचे काड न पडलेल्या जागेत करावी. या आकड्यातून पहिला वजा केला की तोंडाचे नुकसान मिळाले. तिसरी मोजणी काडाच्या पट्ट्यात, काड झटकून आणि बाजूला सारून करावी. तीतून दुसरा आकडा वजा करून बाकीला रुंदीच्या प्रमाणाने भागले की पोटाचे नुकसान मिळाले. सुट्या दाण्यांबरोबर खाली पडलेल्या आणि धसकटावर राहिलेल्या शेंगांतील दाणेही धरावयाचे, हे विसरू नये.

उदाहरणार्थ, उभ्या पिकात १०, कापलेल्या जागेत ७० आणि काडाच्या पट्ट्यात १३० दाणे भरले असे समजू. तोंडाचे नुकसान ६० दाणे. पोटाचे ६० भागिले ३.४, म्हणजे साधारण १८, एकूण ७८. सोयाबीनच्या शंभर दाण्यांचे वजन १२ ग्रॅम धरले, तर चौरस मीटरला १०० दाणे म्हणजे हेक्टरी १.२ क्विंटल आणि एकरी जवळजवळ अर्धा क्विंटल होतो. त्या प्रमाणात ७८ दाणे म्हणजे एकरी ३८ किलो. आणि २०२५-२६ च्या हंगामासाठी जाहीर झालेल्या क्विंटलला ५,३२८ रुपये या हमीभावाने त्याची किंमत दोन हजारांवर जाते. भाड्यात शंभर रुपये कमी करावेत म्हणून आपण जेवढा वेळ घासाघीस करतो, त्याच्या चतुर्थांश वेळात ही मोजणी होते.

मोजणीचा निकाल लागला म्हणजे इलाजही आपोआप सुचतो. तोंडाचे नुकसान अधिक असेल तर वेग कमी करावा, काप जमिनीलगत आणावा, बोथट किंवा मोडकी पाती बदलून घ्यावीत, आणि रीलच्या टोकाचा वेग यंत्राच्या वेगाच्या किंचित पुढे, सव्वापटीपर्यंत ठेवावा. रील फार जलद फिरली तर ती शेंगा फोडते आणि फार मंद फिरली तर ताटे पुढे पाडते. पोटाचे नुकसान अधिक असेल तर प्रथम ब्लोअरचा वारा आणि चाळणीची उघड तपासावी, मग ड्रम आणि जाळी यांतील अंतर पाहावे. एका वेळी एकच बदल करावा आणि पुन्हा मोजावे. चार बदल एकदम केले तर कोणता लागू पडला ते कोणालाच कळत नाही.

यंत्र ठरवताना

ज्यांना यंत्र विकत घ्यावयाचे आहे, मग तो एखादा तरुण व्यावसायिक असो, बचत गट असो वा अवजारे भाड्याने देणारे केंद्र असो, त्यांनी विक्रेत्याकडे जाण्यापूर्वी एक कागद घेऊन आपल्या पंचक्रोशीतील पिकांची यादी करावी. प्रत्येकापुढे हेक्टरी धान्य आणि काड मिळून किती माल, काढणीचे दिवस किती, तुकड्यांचा सरासरी आकार किती, रस्त्याची आणि पाणंदीची रुंदी किती, हा तपशील लिहावा. मग प्रत्येक पिकाला सोसेल तो वेग ठरवून वरील गणित करावे. जेथे सलग दहा-पंधरा एकरांची सपाट राने आहेत आणि सोयाबीन, गहू, हरभरा अशी पिके एकामागून एक येतात, तेथे चौदा फुटी यंत्र अवश्य घ्यावे. त्याचे पोट सोयाबीनमध्ये अर्धे रिकामे राहील हे आधीच गृहीत धरून, ते वेगाने भरण्याचा नाद सोडून द्यावा. पाऊस तोंडावर आलेला असताना तासाला चार एकरांच्या जवळपास रान साफ करणारे यंत्र काय मोलाचे असते, ते ज्याची रास भिजली आहे त्यालाच विचारावे. जेथे दोन-दोन एकरांचे तुकडे, बीबीएफचे वरंबे, अरुंद वाटा आणि भाताची खाचरे आहेत, तेथे दोन मीटर तोंडाचे लहान यंत्र निम्मे काम करील, पण ते काम पदरात पडेल. दोन्हीच्या मध्ये तिसरा मार्ग, म्हणजे मोठ्या पोटाला त्याहून मोठे तोंड लावण्याचा, आपल्या रानात नाही.

आणि ज्यांना यंत्र केवळ भाड्याने बोलवावयाचे आहे, त्यांनी बोलणी करताना एकरी दराबरोबरच दोन गोष्टी तोंडी का होईना पण साक्षीदारांसमक्ष ठरवून घ्याव्यात: सोयाबीनमध्ये वेग ताशी पाच किलोमीटरच्या वर जाणार नाही, आणि पहिल्या फेरीनंतर यंत्र थांबवून दाणे मोजू दिले जातील. वेग पाहण्यासाठी यंत्रात बसण्याची गरज नाही. साध्या चालीने चालणारा मनुष्य तासाला साडेचार-पाच किलोमीटर चालतो. यंत्राच्या बाजूने चालू लागावे. आपल्याला धाप लागून पळावे लागले, तर यंत्र थांबवावे.